विचारा तर खरं! : निळ्या बाटलीतलं तांबं

दोस्तांनो, दिवाळीच्या सुटीनंतर तुमच्या पत्रांचा नुसता पाऊस पडला आहे! फटाक्यांतल्या रंगांपासून ते फराळाच्या चकलीला काटे का येतात इथपर्यंत सगळे प्रश्न आले आहेत. त्यांतल्या बऱ्याच प्रश्नांना क्रमाक्रमानं उत्तरं मिळतील. आज मात्र एकच पत्र घ्यायचं ठरवलंय. पत्र पाठवणारी मैत्रीण नववीत आहे. ‘माझं नाव छापू नका हं!’ असं तिनं खाली दोन रेघा मारून बजावलंय, त्यामुळे नाव गुलदस्त्यात. पत्र असं आहे :

‘‘काका, सा. न. वि. वि. मला ऑगस्टमध्ये टायफॉइड झाला होता. ताप गेला, मी बरी झाले. पण दिवाळीच्या जरा आधीपासून माझे केस गळायला लागलेत. कंगव्यात, उशीवर, न्हाणीच्या जाळीत, जिकडेतिकडे केसच केस! वेणी निम्मी राहिलीय. वर्गातली मुलं हसतात, म्हणून मी दोन दिवस पोटात दुखतंय सांगून शाळा बुडवली. माझी मावसबहीण म्हणते, कॉपर पेप्टाइडचं सीरम लाव, केस भराभर येतात आणि चेहराही तजेलदार होतो. तिच्या बाटलीतलं सीरम निळंशार आहे. आजी म्हणते, बाटलीबिटली कशाला, तांब्याच्या तांब्यातलं पाणी पी, फुकटात काम होईल. माझ्याकडे भाऊबीजेच्या ओवाळणीचे पैसे आहेत. घेऊ का बाटली? आणि तांब्यानं खरंच केस येतात का?’’

पत्र वाचलंत? आता यात ताई खोटं बोलत नाही, आजीही खोटं बोलत नाही. दोघींच्या म्हणण्यात खऱ्याचा अंश आहे. पण अंशाला पूर्णांक समजलं की गणित चुकतं, हे तुम्हाला पाचवीपासून ठाऊक आहे! तेव्हा हा अंश केवढा, ते आज बघू. आणि मुली, तुला सगळ्यांत आधी एक सांगतो : घाबरू नकोस. का, ते पुढे येईलच. आधी त्या निळ्या बाटलीचं झाकण उघडू या.

तीन मण्यांची माळ

पेप्टाइड म्हणजे काय? प्रथिनं म्हणजे प्रोटीन्स तुम्हाला माहीत आहेत. डाळीत, दुधात, अंड्यात असतात ती. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबच लांब माळ. शेकडो मणी एकामागून एक ओवलेले. हीच माळ छोटी असली, दोन-चार किंवा दहा-वीस मण्यांची, तर तिला म्हणायचं पेप्टाइड.

ताईच्या बाटलीतलं जे सर्वांत प्रसिद्ध पेप्टाइड असतं, त्यात फक्त तीन मणी आहेत : ग्लायसीन, हिस्टिडीन आणि लायसीन. यातला मधला, हिस्टिडीन, मोठा पकड्या आहे. तांब्याचा अणू जवळ आला की ही चिमुकली माळ त्याला असा काही विळखा घालते, की सहजासहजी सोडत नाही. झालं कॉपर पेप्टाइड! शास्त्रज्ञ त्याला थोडक्यात ‘जीएचके-सीयू’ म्हणतात. सीयू ही तांब्याची खूण, हे नववीवाल्यांना सांगायला नकोच.

आणि निळा रंग? तो तांब्याचाच. मोरचूद आठवा. तोही निळा, कारण तोही तांब्याचाच क्षार.

तांबं आणि पेप्टाइड यांची ही दोस्ती तुम्ही शाळेच्या प्रयोगशाळेत डोळ्यांनी पाहू शकता. अंड्याचा पांढरा बलक पाण्यात कालवायचा, त्यात कॉस्टिक सोड्याचं द्रावण आणि मग मोरचुदाच्या द्रावणाचे दोन-तीन थेंब टाकायचे. निळा रंग जातो आणि जांभळा उमटतो! हीच ती बाययुरेट परीक्षा. मण्यामण्यांना जोडणाऱ्या दुव्यांशी तांबं बांधलं जातं, म्हणून रंग पालटतो. पण हे करायचं ते सरांसमोर किंवा बाईंसमोरच हं. कॉस्टिक सोडा कातडी भाजतो आणि मोरचूद विषारी असतो. घरी बशीत कालवून केसांना लावून बघू, असला अचाट विचार कुणाच्या डोक्यात आला असेल तर तो आत्ताच्या आत्ता काढून टाका!

म्हाताऱ्या पेशी तरुण कशा झाल्या?

आता ही तीन मण्यांची माळ सापडली कशी, ती गोष्ट ऐका. साल १९७३. गाव अमेरिकेतलं सॅन फ्रान्सिस्को. लोरेन पिकार्ट नावाचे शास्त्रज्ञ यकृताच्या, म्हणजे लिव्हरच्या पेशींवर काम करत होते. त्यांच्या लक्षात आलं, की साठीच्या पुढच्या माणसांच्या यकृतपेशी तरुण माणसांच्या रक्तातल्या द्रवात ठेवल्या, तर त्या बऱ्याचशा तरुण पेशींसारख्या वागू लागतात. म्हणजे तरुण रक्तात असं काहीतरी आहे, जे म्हाताऱ्या रक्तात कमी पडतंय. ते ‘काहीतरी’ शोधता शोधता हाती लागली ती ही तीन मण्यांची माळ.

ती तांब्याला धरून ठेवते आणि पेशींपर्यंत पोचवते, असं पिकार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली मांडलं. पुढं १९८८ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी त्वचेतल्या पेशी काचेच्या बशीत वाढवल्या आणि त्यांत हे कॉपर पेप्टाइड घातलं. पेशी जास्त कोलॅजेन तयार करू लागल्या. कोलॅजेन म्हणजे आपल्या कातडीला, हाडांना, कुर्च्यांना बांधून ठेवणारं प्रथिन. जणू शरीरातला सुतळीचा गुंडाच!

याच फ्रेंच संशोधकांच्या ध्यानात एक मजेची गोष्ट आली. कोलॅजेनच्या लांबलचक माळेतच हे तीन मणी शेजारीशेजारी बसलेले आहेत. तेव्हा त्यांनी तर्क केला, की जखम झाली, कोलॅजेन तुटलं, की हे तीन मणी सुटे होत असावेत आणि आजूबाजूच्या पेशींना सांगत असावेत, ‘‘अरे, इथं पडझड झालीय, कामाला लागा!’’ भिंत पडली की तिच्यातलीच एक वीट गवंड्याला हाक मारते म्हणा ना. कल्पना सुंदर आहे की नाही?

तर दोस्तांनो, ताईच्या बाटलीमागं खरं विज्ञान आहे. हा झाला पहिला अंश.

मेंढ्यांनी दिलेला धागा

दुसरा अंश आजीच्या बाजूचा. तांब्याचा आणि केसांचा काही संबंध असतो का? असतो! आणि तो ज्यांनी उलगडून दाखवला, त्यांना धागा मिळाला चक्क मेंढ्यांच्या लोकरीतून.

ऑस्ट्रेलियात काही भागांतल्या जमिनीत तांबं फार कमी आहे. तिथल्या गवतातही कमी, आणि ते गवत खाणाऱ्या मेंढ्यांच्या अंगातही कमी. अशा मेंढ्यांच्या लोकरीचा कुरळेपणा जायचा आणि ती तारेसारखी दिसायची. काळ्या मेंढीची लोकर पांढुरकी पडायची. कोकरं तर लटपटत चालायची. हे सगळं तांब्याच्या कमतरतेनं होतं, हे १९३० नंतरच्या दशकात तिथल्या पशुवैद्यांनी दाखवून दिलं होतं.

इकडे १९६२ साली न्यूयॉर्कमध्ये जॉन मेन्केस या डॉक्टरांनी तान्ह्या मुलग्यांना होणाऱ्या एका दुर्मिळ, आनुवंशिक आजाराचं वर्णन लिहिलं. या बाळांचे केस विरळ, फिकट आणि पिळवटलेल्या तारेसारखे असत. मेंदूची वाढ नीट होत नसे. कारण काही कळेना. दहा वर्षांनी, १९७२ मध्ये, मेलबर्नच्या डॉ. डेव्हिड डँक्स यांच्यासमोर असंच बाळ आलं. त्यांनी केस पाहिले आणि त्यांना आठवली ती तांब्याला मुकलेली मेंढी! रक्त तपासलं, तर खरोखरच तांबं अगदी कमी. आतड्यातून तांबं शरीरात घेण्याची वाटच या बाळांमध्ये जवळजवळ बंद असते, असं निष्पन्न झालं. न्यूयॉर्कच्या कोड्याची किल्ली ऑस्ट्रेलियाच्या कुरणात होती म्हणायची! म्हणूनच तर सांगतो, की आपला विषय नसलेल्या गोष्टींकडंही डोळे उघडे ठेवून बघावं.

तांबं नसलं की असं का होतं? शरीरात काही विकरं, म्हणजे एन्झाइम्स, तांब्यावाचून चालतच नाहीत. एक विकर कोलॅजेनचे दोर एकमेकांना घट्ट बांधतं. दुसरं केसांना नि कातडीला काळा रंग देणारं मेलॅनिन बनवायला लागतं. तिसरं पेशींना ऊर्जा मिळवून देतं. तांबं संपलं की हे सगळे कारागीर हात बांधून बसतात.

‘‘मग काय!’’ तुम्ही म्हणाल, ‘‘तांबं वाढवलं की केस वाढणारच!’’

थांबा, थांबा. इथंच तर सगळे फसतात. आमटीत मीठ नसलं तर आमटी बेचव लागते. मीठ घातलं की चव येते. पण मूठभर घातलं तर दसपट चविष्ट होते का? जे कमी आहे ते भरून काढणं वेगळं आणि जे पुरेसं आहे त्यात आणखी ओतणं वेगळं. तुमच्या वयाच्या मुलामुलींना दिवसाला सुमारे एक मिलिग्रॅमच्या आसपास तांबं पुरतं. म्हणजे मिठाच्या काही कणांएवढं. तीळ, शेंगदाणे, डाळी, काजू, मांसाहारी घरात कलेजी, यांतून ते मिळून जातं. तिळाचा लाडू खाणाऱ्या महाराष्ट्रातल्या धडधाकट पोराला तांब्याची वाण पडणं कठीण.

पुण्याच्या डॉक्टरांनी पकडलेलं तांबं

आणि जास्त झालं तर? त्याची गोष्ट तर आपल्याच घरची आहे.

तुमच्या आजीला कल्हईवाल्याबद्दल विचारा. ‘‘कल्हईऽऽऽ’’ अशी आरोळी देत तो गल्लीत यायचा, भाता मांडायचा, तांब्या-पितळेची भांडी तापवून त्यांना आतून कथलाचा चकचकीत मुलामा द्यायचा. कशासाठी? तर आंबट पदार्थ उघड्या तांब्या-पितळेत ठेवला की तो ‘कळकतो’. कळकलेलं ताक पिऊन मळमळतं, हे आपल्या पणज्यांना पक्कं ठाऊक होतं. आंबटात तांबं विरघळतं, हे त्यामागचं रसायनशास्त्र.

पण दुधाकडं फारसं कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. त्या काळी आपल्या देशात लहान बाळांना यकृताचा एक भयंकर आजार व्हायचा. एक ते तीन वर्षांच्या बाळांचं यकृत दगडासारखं घट्ट व्हायचं आणि त्यातली बरीच बाळं दगावायची. त्याचं नावच पडलं होतं ‘इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस’. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे, आणि त्यांच्याबरोबर इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर, अशा मंडळींनी १९८० नंतरच्या दशकात याचा पिच्छा पुरवला. या बाळांच्या यकृतात तांब्याचा प्रचंड साठा सापडत होता. तो आला कुठून? चौकशी केली तेव्हा कळलं, की यातल्या पुष्कळ बाळांना अगदी लहानपणापासून वरचं दूध दिलं जात होतं आणि ते दूध तापवलं, ठेवलं जात होतं तांब्याच्या किंवा पितळेच्या भांड्यात. दुधातलं प्रथिन तांब्याला धरून ठेवतं. कल्हई झिजलेली असली की काम तमाम! कोवळं यकृत एवढं तांबं बाहेर टाकू शकत नाही.

मग डॉक्टरांनी सांगायला सुरुवात केली : बाळाला आईचंच दूध पाजा आणि वरचं दूध तांब्या-पितळेत ठेवू नका. तोवर घराघरांत स्टीलची भांडीही आली होती. एकेकाळी रुग्णालयांचे वॉर्ड भरणारा हा आजार बघता बघता जवळजवळ नाहीसा झाला.

म्हणजे बघा, तेच तांबं. कमी पडलं तर मेंढीची लोकर बिघडते, जास्त झालं तर बाळाचं यकृत. ‘तांबं चांगलं की वाईट?’ हा प्रश्नच अर्धवट आहे. पुरा प्रश्न असा : किती, कुणाला आणि कोणत्या वाटेनं?

आता आजीच्या तांब्याचा निकाल लावून टाकू. स्वच्छ घासलेल्या तांब्यात रात्रभर साधं पाणी ठेवलं, तर त्यात तांबं उतरतं ते फार थोडं. २०१२ साली बंगळूरच्या संशोधकांनी तांब्याच्या भांड्यात सोळा तास पाणी ठेवून पाहिलं. जुलाबाचे जंतू मेले आणि पाण्यात उतरलेलं तांबं जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या पुष्कळ आत राहिलं. ही मर्यादा आहे लिटरला दोन मिलिग्रॅम. तेव्हा आजीचा तांब्या वाईट नाही. फक्त त्यात लिंबूसरबत, ताक, कोकम सरबत किंवा दूध ठेवू नका. पण त्या पाण्यानं केस येतात याला मात्र पुरावा नाही. आजीला हे सांगताना जरा गोड शब्दांत सांगा बरं का!

बशी वेगळी, डोकं वेगळं

परत ताईच्या बाटलीकडं. केसांवर काही प्रयोग झाले आहेत का? झाले आहेत. २००७ साली कोरियातल्या संशोधकांनी माणसाच्या डोक्यावरून काढलेली केसांची मुळं काचेच्या बशीत जिवंत ठेवली आणि त्यांत कॉपर पेप्टाइडच्या एका चुलतभावंडाचा अगदी सूक्ष्म अंश घातला. मुळांतून केस जास्त लांब वाढले. ही बातमी खरी आहे.

पण दोस्तांनो, बशीतलं मूळ उघडं असतं. औषध थेट त्याच्या अंगावर पडतं. आपल्या डोक्यावर मात्र कातडी आहे आणि कातडीचं कामच मुळी ‘आत येऊ नका’ असं सांगणं! तिचा सर्वांत वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. पेशी विटांसारख्या रचलेल्या आणि मधल्या फटींत चरबीचा गिलावा. हायड्रोजनच्या अणूच्या साधारण पाचशेपटींहून जड रेणू या भिंतीतून सहसा जात नाहीत, असा एक ढोबळ नियम आहे. आपलं कॉपर पेप्टाइड चारशेपटींच्या आसपास, म्हणजे वजनात तर बसतं. पण ते पाण्यात रमणारं, चरबीशी न जमणारं. त्यामुळे आत शिरतं ते थोडं. लोण्याच्या गोळ्यावर पाणी ओतून बघा, म्हणजे कळेल.

चेहऱ्यावर लावूनही काही अभ्यास झालेत आणि त्यांत सुरकुत्या थोड्या कमी झाल्याचं दिसलंही. पण ते अभ्यास थोड्या माणसांवरचे, थोड्या आठवड्यांचे. पुष्कळसे मध्यमवयीन स्त्रियांवरचे. आणि काही तर अशी उत्पादनं करणाऱ्यांशी संबंध असलेल्यांनी केलेले. केस गळण्यावर त्वचेला लावायचं औषध म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनानं १९८८ साली मान्यता दिली ती मिनॉक्सिडिलला. कॉपर पेप्टाइडला केसांचं औषध म्हणून अशी मान्यता मिळालेली नाही. ते विकलं जातं ते सौंदर्यप्रसाधन म्हणून. औषधाला ‘गुण येतो’ हे आधी सिद्ध करावं लागतं, प्रसाधनाला तसं करावं लागत नाही. हा फरक पाठ करून ठेवा, आयुष्यभर उपयोगी पडेल.

आणि त्या तरुण रक्ताची गोष्ट आठवते ना? तीन मण्यांची ही माळ विशीत रक्तात भरपूर असते आणि साठीपर्यंत निम्म्याहून खाली येते, असं तिचे संशोधकच सांगतात. म्हणजे ज्यांच्याकडे ती कमी पडते ते आजोबा! नववीतल्या मुलीच्या कातडीला तरुण करायचं म्हणजे विहिरीत घागर ओतायची. स्वीडनमधल्या औषधदुकानांच्या एका साखळीनं तर २०२४ साली ठरवलं, की म्हातारपण लपवणारी झणझणीत क्रीमं पंधरा वर्षांखालच्या मुलांना पालकांच्या संमतीशिवाय विकायची नाहीत. कारण मुलंच रांगा लावायला लागली होती! कोवळ्या कातडीवर एकावर एक बाटल्या ओतल्या की मिळते ती आग आणि पुरळ.

कावळा आणि फांदी

आता येऊ मुख्य मुद्द्यावर. मुली, नीट ऐक.

आपल्या डोक्यावर लाखाच्या आसपास केस असतात. प्रत्येक केस काही वर्षं वाढतो, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर. मग त्याचं मूळ सुमारे तीन महिने विश्रांती घेतं आणि केस गळून पडतो. मग तिथंच नवा केस. एरवी दहातले नऊ केस वाढत असतात आणि एखादाच विश्रांतीला असतो. म्हणून रोज पन्नास ते शंभर केस गळणं अगदी नेमाचं आहे.

पण टायफॉइड, डेंग्यू, मलेरिया असा मोठा ताप आला की शरीर म्हणतं, ‘‘आत्ता जीव वाचवायचाय, केस वाढवायला वेळ नाही!’’ आणि एकदम पुष्कळ केस विश्रांतीला पाठवतं. त्या दिवशी काहीच दिसत नाही. दिसतं दोन-तीन महिन्यांनी, जेव्हा ते सगळे एकदम गळायला लागतात. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर... मोज बोटांवर. जुळतंय ना?

यातली खरी गंमत पुढंच आहे. मूळ मेलेलं नाही. खालून नवा केस फुटायला लागतो तेव्हाच जुना सुटतो. म्हणजे तुझ्या कंगव्यातला गुंता ही वाईट बातमी नाही, नव्या पालवीची वर्दी आहे! पानगळ झालेल्या झाडाला कुणी मेलं म्हणत नाही, तसंच हे. साधारण सहा महिन्यांत गळणं थांबतं आणि केस आपोआप भरून येतात. लांब वेणीला मात्र वेळ लागेल. महिन्याला एक सेंटिमीटर, याहून घाई नाही.

आता कल्पना कर. आज तू ओवाळणीच्या पैशांची बाटली आणलीस. रोज लावलीस. शाळेचं गॅदरिंग झालं, संक्रांत झाली आणि होळीच्या सुमारास केस दाट झाले. तू काय म्हणशील? ‘‘वा! काय गुणकारी सीरम!’’ मग तू पाच मैत्रिणींना सांगशील, त्या पंचवीस जणींना. आणि आजीनं पाणी पाजलं असतं तर श्रेय तांब्याला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ, म्हणतात ना, तेच! केस आलेच असते. बाटली फक्त फांदीवर येऊन बसली.

म्हणूनच शास्त्रज्ञ एकट्या माणसाच्या अनुभवावर विश्वास टाकत नाहीत. ते सारख्या माणसांचे दोन गट करतात. एकाला खरं सीरम, दुसऱ्याला तशाच बाटलीतलं, तशाच रंगाचं पण औषध नसलेलं पाणी. कुणाला काय मिळालं हे लावणाऱ्यालाही ठाऊक नाही आणि केस मोजणाऱ्यालाही नाही. मग तुलना.

हे घरी करून पाहायचंय? दोन वाट्या घ्या. दोन्हींत ओल्या फडक्यावर पन्नास-पन्नास मेथीदाणे ठेवा. एका वाटीवर रोज सकाळी ‘छू मंतर’ म्हणत पाणी शिंपडा, दुसरीवर गप्प राहून, पण तेवढंच. चार दिवसांनी मित्राला फक्त मंतरलेली वाटी दाखवा. ‘‘बघ, माझ्या मंत्रानं मोड आले!’’ त्याचा चेहरा बघून घ्या. मग हळूच दुसरी वाटी पुढं करा! ही दुसरी वाटी ज्या जाहिरातीत नसते, तिच्यावर भाळायचं नाही.

मग करायचं काय?

डॉक्टरांना एकदा केस दाखवून ये. रक्तातलं हिमोग्लोबिन तपासून घे. तापानंतर आणि तुझ्या वयाच्या मुलींमध्ये लोह कमी असणं नेहमीचं, आणि त्यानंही केस गळतात. उसळी, डाळी, अंडी, पालेभाज्या, शेंगदाणे पोटभर खा. आजारपणात शरीराची झीज झालेली असते. ओले केस जोरानं विंचरू नकोस, घट्ट वेणी घालू नकोस. नाण्याएवढी चाई पडली, खाज किंवा पू आला, किंवा सहा महिन्यांनंतरही गळणं थांबलं नाही, तर त्वचेच्या डॉक्टरांकडे जायलाच हवं. इंजेक्शन वगैरे कुणी सुचवलं, तर सरळ ‘नाही’ म्हण. चेहऱ्याच्या तजेल्याचं म्हणशील तर साधा साबण, टळटळीत उन्हात छत्री नाहीतर टोपी, आणि झोप. एवढं पुरे.

ताईला तिची बाटली वापरू दे. ती मोठी आहे. कातडीची आग झाली नाही तर तिचं नुकसान काय ते पैशांचं. तू तुझे पैसे ठेव. आणि शाळा बुडवू नकोस! हसणाऱ्या पोरांपैकी एखाद्याला मोठा ताप आलाच, तर तीन महिन्यांनी त्याच्याही कंगव्यात काय येणार, हे आता तुला ठाऊक आहे. तेव्हा तू हसू नकोस, त्याला हे सगळं समजावून सांग.

या आठवड्याचा प्रश्न

बरेच दिवस न घासलेल्या तांब्याच्या भांड्यावर हिरवट पुटं चढतात. चिंच आणि मीठ लावून घासलं की भांडं पुन्हा लखलखतं. आता सांगा : ती हिरवी पुटं कशाची? चिंच काय करते, आणि मीठ काय करतं? नुसती चिंच, नुसतं मीठ आणि दोन्ही मिळून, असं तीन ठिकाणी लावून पाहा आणि काय दिसलं ते लिहून पाठवा. चौथं ठिकाण न घासताच सोडायचं आहे. ते कशासाठी, हे आज लेख वाचणाऱ्यांना सांगायला नको. पोस्टकार्डावर अक्षर सुवाच्य असू द्या!